अडीच टन बर्फ

"टन म्हणजे कशाचा टन?" बाबांनी विचारलं.

आम्ही बेसमेंटमध्ये उभे होतो. एसी बसवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने घराचं क्षेत्रफळ विचारलं, मनातल्या मनात एक भागाकार केला आणि "चार टन" असं सांगून टाकलं. यंत्राचं वजन चार टन नसणार हे बाबांना कळत होतं, पण वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एकक समजल्याशिवाय पुढचा आकडा ऐकवत नाही. मी प्रश्न इंग्रजीत केला. कॉन्ट्रॅक्टर हसून म्हणाला, शर्टाचं असतं ना मीडियम, लार्ज, तसंच हे. बाबांनी मान डोलावली. समाधान मात्र अजिबात झालेलं नव्हतं.

माझंही नव्हतं. मी कापडगिरण्यांच्या इतिहासावर काम करते. पोस्टडॉकच्या पगारात बॉस्टनजवळ घर होत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे मेडफर्डमधलं हे १९२४ सालचं लाकडी घर आम्हाला घेता आलं. घर पाहताना एजंटने "कॅरॅक्टर" हा शब्द इतक्यांदा वापरला की एसी नाही ही गोष्टही आम्हाला कॅरॅक्टरमध्येच धरावीशी वाटली. बॉस्टनला कशाला हवा एसी? शिवाय मी सोलापूरची. चव्वेचाळीस अंशांत दहावीचा अभ्यास केलेली.

आई-बाबा गेल्या वर्षी जूनमध्ये आले. जुलैत उकाड्याची लाट आली, तिच्या तिसऱ्या रात्री तीन वाजता बाबा जिन्यात बसलेले सापडले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत झोप येईना म्हणून खाली यायला निघाले होते, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली. इमर्जन्सीत सलाइन लावलं. आठ वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी, रक्तदाबाची गोळी, अंगातलं कमी झालेलं पाणी, सगळ्याचा हिशेब झाला. डॉक्टरांनी शेवटी विचारलं, "घरात एसी आहे ना?" आपण सोलापूरचे आहोत हे उत्तर तिथे चालण्यासारखं नव्हतं.

म्हणून कॉन्ट्रॅक्टर. आणि म्हणून टन.

तो टन बर्फाचा आहे. अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा. एवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्याच वेगाने उष्णता बाहेर काढणारं यंत्र एक टनाचं. ताशी १२,००० बीटीयू. एकोणिसाव्या शतकात शीतयंत्रं विकायला आली तेव्हा गिऱ्हाइकाला गारवा फक्त एकाच मापात मोजता येत होता, तो म्हणजे विकत घेतलेल्या बर्फाच्या. त्याआधी वाफेचं इंजिन घोड्यांच्या मापात विकलं गेलं, तसाच हा प्रकार. घोडे गेले, बर्फवाले गेले, मापं राहिली.

बाबा खूश झाले. मला मात्र पुढची गोष्ट सांगायची घाई झाली होती, कारण त्या बर्फाचा उगम आमच्या घरापासून फार लांब नाही. केंब्रिजचं फ्रेश पाँड हे तळं आमच्याकडून वीसेक मिनिटांवर. १८०६ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यातला बर्फ जहाजात भरून कॅरिबियन बेटांवर न्यायचं ठरवलं तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. पुढे नॅथॅनिएल वायथ या त्याच्या माणसाने घोड्यांनी ओढायचं बर्फ कापण्याचं अवजार काढलं. चौकोनी लाद्या एकमेकींना घट्ट बसू लागल्या, भोवती लाकडाचा भुसा भरला की बर्फ टिकू लागला. मे १८३३ मध्ये 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. शंभरेक टन शिल्लक होता.

पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईला उतरला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो आणवला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमान-पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, अशी त्या काळची बातमी सांगितली जाते. (मे महिन्यात बर्फाचा गोळा मागितल्यावर आई जे म्हणायची, त्याला एवढी जुनी परंपरा असेल असं वाटलं नव्हतं.) फोर्टात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी बर्फघर उभं राहिलं. ते आता नाही. चेन्नईचं आहे, मरीना किनाऱ्यावर, विवेकानंदांच्या नावाने. थोरोच्या 'वॉल्डन'मध्ये ट्यूडरची माणसं त्याच्या तळ्यातला बर्फ कापायला येतात, आणि आपल्या तळ्याचं पाणी मुंबई-मद्रास-कलकत्त्याची माणसं पिणार, ही कल्पना त्याला फार आवडते. मुंबईतल्या माणसांना ती आवडली की नाही, याची नोंद थोरोकडे असणं शक्य नव्हतं.

आता बर्फ बाजूला ठेवून घराकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

आमचं घर गारव्याचा विचार न करता बांधलेलं आहे, असं मी समजत होते. ते चूक निघालं. त्याच्या खिडक्यांना वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपा आहेत. वरची खाली ओढायची, खालची वर ढकलायची. वरून गरम हवा निघून जाते, खालून गार आत येते. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं, कारण आधीच्या कुठल्यातरी मालकाने रंग देताना वरच्या सगळ्या झडपा रंगाने चिकटवून टाकल्या होत्या. घराच्या मधोमध जिना आहे, तो हवा वर ओढणाऱ्या धुराड्याचं काम करतो. मागच्या बाजूला वरच्या मजल्यावर तीन बाजूंनी खिडक्या असलेली एक चिंचोळी खोली आहे. आम्ही तिला "सामानाची खोली" म्हणत होतो. ती झोपण्याची पडवी. क्षयाच्या भीतीने मोकळ्या हवेत झोपायचं वेड अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरलं होतं, त्या काळातली. तेव्हा मोकळ्या हवेचा दबदबा इतका, की १९१८च्या फ्लूच्या साथीनंतर हीटिंगवाले हिवाळ्यातही खिडकी थोडी उघडी राहणार असं गृहीत धरून रेडिएटर मोठे बसवत. आमचे बसवलेले तसेच आहेत. जानेवारीत आम्ही घरात अर्ध्या बाह्यांत फिरतो, त्याचं कारण हे.

बाबांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर थापलेली पांढरी माती, उजेडासाठी छताला एक भोक. भिंत दिवसभर ऊन पिते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र होते. रात्री माणसं माळवदावर झोपायला जातात. आमचं मेडफर्डचं घर याच्या अगदी उलट आहे. भिंत म्हणजे चार इंच उभ्या लाकडांचा पोकळ सांगाडा, आतून चुन्याचं प्लास्टर, बाहेरून फळ्या. ऊन अडवायचं तिला जमत नाही, रात्रीची हवा तेवढी खेळवता येते. रात्रच गार होईना झाली की या घराकडे दुसरा उपाय नाही. ती जुलैची रात्र तशी होती.

आता हा थंडावा यंत्राने आणायचा तर तो पोचवायचा कुठून? नव्या घरात गरम हवेचे डक्ट असतात, त्यांतूनच गार हवा सोडता येते. आमच्याकडे वाफेचे रेडिएटर. नळी दोन बोटं जाड, तिच्यातून गारवा जाणार नाही. सहा-आठ इंचांचा डक्ट चार इंचांच्या भिंतीत मावत नाही. म्हणजे कपाटं खायची, छत खाली आणायचं, नाहीतर लाकडं कापायची. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने तिसरा मार्ग सुचवला. "एक-दोन जॉइस्ट थोडे नॉच केले की झालं," इतकं सहज.

हे ऐकून मला व्हाइट हाउस आठवलं. जुन्या घराला सेंट्रल एसी बसवण्याचं अमेरिकेतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तेच.

तिथली पहिली धडपड १८८१ची. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ते वॉशिंग्टनच्या उकाड्यात तळमळत पडले होते. नौदलाच्या अभियंत्यांनी एक यंत्र जुळवलं: बर्फाच्या पाण्यात भिजणारे कापडाचे पडदे, त्यांतून पंख्याने ओढलेली हवा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून पंखा लावायचा, तीच जात. खोलीचं तापमान वीस अंश फॅरनहाइटने उतरलं. अठ्ठावन्न दिवसांत पाच लाख पौंड बर्फ लागला. बाबांनी कागदावर भागाकार केला: रोज साधारण सव्वाचार टन. एका माणसाच्या एका खोलीसाठी, कॉन्ट्रॅक्टरने आमच्या अख्ख्या घराला सांगितला त्यापेक्षा जास्त. गारफिल्ड सप्टेंबरमध्ये गेले.

१९२९च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी वेस्ट विंगला आग लागली आणि १९३०च्या पुनर्बांधणीत तिथे यंत्राचा गारवा आला. मुख्य घराची पाळी यायला आणखी वीस वर्षं लागली. १९४८च्या उन्हाळ्यात ट्रुमन यांच्या मुलीच्या पियानोचा पाय जमीन फोडून खाली गेला, तेव्हा अभियंत्यांनी भिंती उघडल्या. आत जे दिसलं ते कुठल्याही जुन्या घराच्या मालकाने वाचून ठेवावं. सव्वाशेहून अधिक वर्षांत पाण्याचे नळ आले, गॅस आला, हीटिंग आलं, वीज आली, आणि प्रत्येक सोय करणाऱ्याने आपापल्यापुरती थोडीशी तुळई कापली. एकेकट्याचं कापणं क्षुल्लक होतं. सगळ्यांचं मिळून घर पडायला आलं होतं. ट्रुमन कुटुंब रस्त्यापलीकडच्या ब्लेअर हाउसमध्ये गेलं, बाहेरच्या दगडी भिंती ठेवून आतलं घर जवळजवळ सगळं उतरवलं गेलं, पोलादी सांगाडा उभा राहिला, आणि १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष सेंट्रल एसीच्या घरात परतले. जुनं घर पूर्ववत ठेवून एसी बसवला, असं याला म्हणता येईल का, हे मला ठरवता येत नाही.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला आम्ही कळवतो म्हणालो आणि कळवलं नाही. ते अमेरिकेतसुद्धा चालतं.

दुसरी कॉन्ट्रॅक्टर आली ती टेप घेऊन. तिने प्रत्येक खिडकी मोजली, कुठली कुठल्या दिशेला ते लिहिलं, अ‍ॅटिकमधलं इन्सुलेशन उचकटून पाहिलं, घरात रात्री किती माणसं झोपतात ते विचारलं. दोन दिवसांनी हिशेब पाठवला. अडीच टन. मी विचारलं, चार टन बसवलं तर काय बिघडेल, जास्त गार होईल ना? ती म्हणाली, गार लवकर होईल, मग यंत्र बंद पडेल, आणि तुम्ही गार पण ओल्या घरात बसाल. हवेतलं पाणी काढायला यंत्राला वेळ चालू राहावं लागतं.

हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या विषयातलंच आहे. एसी माणसांसाठी जन्मलाच नाही. तो ओलाव्याच्या भांडणातून आला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स छापखान्यात उन्हाळ्यात कागद फुगायचा, रंग एकावर एक बसायचे नाहीत. बफेलोच्या एका कारखान्यातला पंचवीस वर्षांचा विलिस कॅरियर त्यासाठी कामाला लागला. त्याला हवा गार करायची होती ती तिच्यातलं पाणी उतरवण्यासाठी. गारवा हे साधन होतं. 'एअर कंडिशनिंग' हा शब्दही १९०६ मध्ये आला तो नॉर्थ कॅरोलिनातल्या स्टुअर्ट क्रेमर या गिरण्यांच्या अभियंत्याकडून, आणि त्याची गरज तर उलटी होती: सूत तुटू नये म्हणून हवेत पाणी घालण्याची. आपल्या गिरणगावात साच्यांच्या खात्यांत हेच चालायचं. धाग्याला दमट हवा मानवते; साच्यावरच्या माणसाला ती मानवते का, हा प्रश्न नंतरचा. कागद, सूत, तंबाखू यांची सोय झाल्यावर माणसाचा नंबर लागला, तोही सिनेमाचं तिकीट काढलेल्या माणसाचा. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये १९२५च्या उन्हाळ्यात लोक पडद्यावरच्या चित्रासोबत गारव्यासाठीही शिरत होते.

घरात शिरलेला पहिला एसी मिनियापोलिसच्या चार्ल्स गेट्सच्या महालातला, १९१४ सालचा. सात फूट उंच, सहा फूट रुंद, वीस फूट लांब. गेट्स घर पुरं होण्याआधीच वारला. त्यामुळे ते यंत्र कधी चाललं तरी का, याबद्दल शंका घेतली जाते.

सामान्य घरात एसी आला तो जुन्या घरांना टाळून. १९५४ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनला बावीस घरांची एक वसाहत बांधली गेली, एअर कंडिशन्ड व्हिलेज. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं, आत राहणारी खरी कुटुंबं, आणि त्यांच्या झोपेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्याची विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेली मोजदाद. विकायचं होतं ते हे, की एसी मध्यमवर्गाला परवडतो. परवडायचा कसा? गेल कूपर यांच्या 'एअर कंडिशनिंग अमेरिका' या पुस्तकात याचा तपशील आहे: बिल्डरने एसीचा खर्च भरून काढला तो घराच्या इतर अंगांतून. छत बुटकं केलं, पडवी काढली, समोरासमोरच्या खिडक्या कमी केल्या, पोटमाळ्यावरचा मोठा पंखा वगळला. एकदा घर असं झालं की एसी ही चैन राहत नाही. वीज गेली तर ते घर राहण्याजोगंच उरत नाही. १९६०च्या जनगणनेत बाराएक टक्के अमेरिकन घरांत एसी होता. २०२०च्या सरकारी पाहणीत नव्वदच्या जवळ, आणि एकूण घरांपैकी दोन-तृतीयांश घरांत सेंट्रल.

मी इतिहासवाली असल्यामुळे इथे हळहळ व्यक्त करावी असा मला मोह होतो. पडव्या गेल्या, संध्याकाळी ओट्यावर बसणं गेलं, शेजार गेला. अमेरिकेच्या दक्षिणेबद्दल रेमंड आर्सनॉल्ट यांनी १९८४ मध्ये असा एक गाजलेला निबंध लिहिला आहे, आणि तो पटतो. पण त्या हळहळीला शिकागो आडवं येतं. जुलै १९९५ मध्ये तिथे काही दिवसांच्या उष्म्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. एरिक क्लिनेनबर्ग यांचं 'हीट वेव्ह' मी पीएचडीच्या काळात सामाजिक इतिहासाचा नमुना म्हणून वाचलं होतं. मेलेल्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा भरणा होता. जुन्या इमारतींतल्या कोंदट खोल्या, चोरांच्या भीतीने बंद ठेवलेल्या खिडक्या, एसी नाही किंवा असला तर बिलाच्या धास्तीने बंद. बाबा जिन्यात सापडले त्यानंतर ते पुस्तक मी पुन्हा काढलं आणि वीस पानांपलीकडे गेले नाही.

काम सप्टेंबरमध्ये झालं. एअर हँडलर अ‍ॅटिकमध्ये. वरच्या खोल्यांना तिथूनच छतातून डक्ट. खालच्या मजल्यासाठी दोन इंची नळ्यांची पद्धत, ज्यांतून हवा जोराने येते. आमचं घर जुन्या घडणीचं असल्याने भिंतीतली उभी पोकळी मजल्यांमध्ये न तुटता पायापासून छपरापर्यंत जाते, त्यातून त्या नळ्या खाली उतरल्या. हीच पोकळी आग लागली तर ज्वाळांनाही वाट देते, म्हणून नळ्यांभोवती तिने ती नीट बंद करून घेतली. एकही तुळई कापली नाही. एक कपाट गेलं, आईने साड्यांसाठी ठरवलेलं. त्याबद्दल अजून बोलणी खाते आहे. अ‍ॅटिकमध्ये चिनी मातीच्या गोट्यांवरून ओढलेल्या शंभर वर्षं जुन्या विजेच्या तारा निघाल्या, त्या बदलायला अंदाजाबाहेरचे पैसे गेले. बाबा मात्र त्या गोट्या पाहून हरखले, दोन मागून घेतल्या, आता त्या सोलापूरला शोकेसमध्ये आहेत. यंत्र हीट पंप आहे, उलटं फिरवलं की हिवाळ्यात गरमही करतं, आणि त्यासाठी राज्याच्या योजनेतून काही पैसे परत मिळाले. वाफेचे रेडिएटर आम्ही काढले नाहीत. वरच्या झडपांचा रंग मी स्वतः सुरीने खरवडला, आधी शिशाची तपासणी करून. नऊपैकी सात सुटल्या.

अडीच टन म्हणजे रोज पाच हजार पौंड बर्फ. 'टस्कनी'वरचा कलकत्त्याला पोचलेला सगळा बर्फ आमचं घर चाळीस दिवसांत संपवेल, हाही हिशेब बाबांचाच.

आई-बाबा या जूनमध्ये पुन्हा आले. पहिल्या दमट दिवशी यंत्र दुपारभर चालू होतं. बाबा घराच्या मागे गेले, यंत्रातलं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीखाली बादली लावली आणि मोजायला बसले. संध्याकाळपर्यंत ती भरली. हे सगळं पाणी आपण हवेतून श्वासात घेत होतो, असं ते आईला दोनदा म्हणाले. आईने ती बादली उचलून टोमॅटोंना घातली आणि पुन्हा आणून नळीखाली ठेवली.